आधी विचारा, मग उचला

(दृश्य : बंद दरवाजा, बाहेर रांग. दरवाजा उघडतो, माणसं आत सरकतात.)

रांगेतले बरेच जण एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. पण आत्ता कुणी कुणाशी फारसं बोलत नाहीये. प्रत्येकाच्या डोक्यात एक टेबल नंबर घोळतोय.

माझ्याही.

(दृश्य : वरून दिसणारा हॉल. काळी-निळी मखमल अंथरलेली टेबलं, त्यावर पाती.)

हे हातानं घडवलेल्या चाकूंचं प्रदर्शन आहे. टेबलामागे जो बसलाय त्यानंच समोरचा चाकू केलाय. पोलाद त्यानं निवडलं, मूठ त्यानं घासली, म्यानाची शिलाईही बहुतेक वेळा त्याचीच. चाकू काय, घरबसल्याही मागवता येतो. मी इथे येतो तो या माणसाशी दोन शब्द बोलायला. संग्रह करणाऱ्या सगळ्यांनाच असं वाटतं असं नाही. काहींना माणसाशी देणंघेणं नसतं, फक्त नाव हवं असतं. ते पुढे येईलच.

(दृश्य : जवळून. एक अंगठा पात्याच्या गालावरून फिरतो. हात निघून जातो. फडकं येतं.)

हा अंगठा बघा. कुणाचा आहे ते सांगत नाही. कारागीर त्याला काही बोलला नाही. नुसतं फडकं उचललं आणि पातं पुसलं. दिवसभरात त्यानं हे किती वेळा केलं, ते आमच्या कॅमेऱ्यानं मोजायचं सोडून दिलं. उच्च कार्बनच्या पोलादावर बोटाचा घाम राहिला, की त्याच बोटाच्या रेषांसकट गंज उमटतो. म्हणून इथला पहिला नियम : आधी विचारा, मग उचला. उचललात तर मुठीनं धरा, आणि परत देताना मूठ समोरच्याकडे करा. घडीचा चाकू हाती आला म्हणून तो मनगटाच्या झटक्यानं उघडायचा नसतो. तो अजून तुमचा झालेला नाही.

(दृश्य : पातं दिव्याखाली आडवं धरलेलं, पाठीवरून नजर.)

मी आधी पाठ बघतो. पातं डोळ्यासमोर लांब धरून, नेम धरल्यासारखं. मुठीपासून टोकापर्यंत रेघ सरळ जाते का? मग उलटून दोन्ही गालांचे उतार. ते मुठीजवळ जिथे सुरू होतात, ती जागा दोन्ही बाजूंना समोरासमोर हवी. केसभर पुढेमागे असली, तरी एकदा दिसल्यावर डोळा तिथेच जातो. मग पातं आणि आडणी, म्हणजे मुठीच्या तोंडाशी बसवलेला आडवा तुकडा, यांच्यामधली फट. मागे दिवा ठेवायचा. उजेडाची बारीक चीरही दिसली, तर काम घाईत झालंय. आणि शेवटी डोळे मिटून नुसती मूठ धरायची. नक्षी, दगड, मोती सगळं तेव्हा गळून पडतं.

(दृश्य : घडीचा चाकू. उघडतो, मिटतो. फक्त आवाज.)

हा आवाज पुन्हा ऐका.

उघडताना एक, मिटताना एक. आत बाजूची पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली येते आणि पातं अडवून धरते. खटक्याची ही रचना मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या रूपाला आणली. आज जगभरच्या कारखान्यांतून निघणाऱ्या घडीच्या चाकूंमध्ये ती सापडते. एका माणसानं आपल्या बाकावर सोडवलेलं कोडं ते.

(दृश्य : हॉलमागचं पटांगण. गॅसची भट्टी, ऐरण, घण. ठिणग्या.)

आता बाहेर येऊ. खरं सांगायचं तर ही चित्रफीत करायची ठरली ती या भट्टीमुळेच.

ऐरणीवर दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्यांची चळत आहे. एकीचं नाव 1084. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बनचं प्रमाण, 0.84 टक्के. दुसरी 15एन20, तिच्यात सुमारे 2 टक्के निकेल. एक काळी, एक पांढरी, अशा आळीपाळीनं रचल्यात. कडेनं वेल्डिंगचे टाके घालून चळत बांधली, पकडायला एक दांडा जोडला आणि ती भट्टीत गेली.

(दृश्य : चळत लालाची नारिंगी, नारिंगीची पिवळी होताना.)

रंग बघत राहा. कारागीर तोच बघतोय. लालवर टाकणखार वितळतो, पण पट्ट्या चिकटत नाहीत. पिवळ्याधमक रंगावर, साधारण 1,250 अंश सेल्सियसच्या आसपास, वर भुरभुरलेला टाकणखार पाण्यासारखा वाहत असतो आणि पोलादावर साचलेली पापडी आपल्याबरोबर नेतो. मग पहिले घाव. हे हलके असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणूस बिचकतोय. तसं नाही. आत्ता पट्ट्या एकमेकींना चिकटायच्या आहेत. जोर केला तर घसरतील. चिकटल्याचं हाताला कळतं, घणाचा आवाजही बदलतो. सुट्या पट्ट्यांचा खडखडाट जातो आणि एका ठोकळ्याचा भरीव आवाज येतो.

(दृश्य : आवाजातला हा फरक. निवेदन थांबतं. सात घाव.)

पंधरा पट्ट्यांपासून सुरुवात केली असं धरा. ठोकळा ठोकून लांबवला, चार तुकडे केले, एकावर एक रचून पुन्हा जोडले : 60 थर. आणखी एकदा : 240. आणखी एकदा : 960. गंमत अशी की थर जितके वाढवाल तितकी नक्षी बारीक होत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे डोळ्याला नुसता करडा रंग उरतो. म्हणून हात कुठे आवरायचा, ते कारागिराला ठरवावं लागतं. ठोकळा पिळला की ताऱ्यांसारखी नक्षी येते. त्यावर आडव्या खाचा पाडून पुन्हा सपाट केला, तर शिडीच्या पायऱ्या.

(दृश्य : लोहचुंबक तापलेल्या पात्याला लावतात. चिकटत नाही.)

पातं घडवून झालं, आता पाणी द्यायचं. म्हणजे तेल द्यायचं. शब्द आपला जुना आहे. सुमारे 770 अंशांवर पोलाद लोहचुंबकाला दाद देईनासं होतं. साध्या भट्टीवर काम करणाऱ्याला तेवढी खूण पुरते. त्यापुढे जरासं तापवायचं आणि तेलात सोडायचं.

(दृश्य : तेलातून ज्वाळा उठते.)

या क्षणाला पातं काचेसारखं कडक झालेलं असतं, आणि तितकंच ठिसूळ. फरशीवर पडलं तर तुटेल. म्हणून ते 200 अंशांच्या आसपास दोन तास शेकायचं, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास शेकायचं. थोडा कडकपणा सोडायचा, त्या बदल्यात चिवटपणा घ्यायचा. भट्टी शेकडो मैल दूर ठेवून आलेला कारागीर टेबलामागे बसून हे सांगतो, तेव्हाही त्याचा उजवा हात नकळत वरखाली होत असतो.

(दृश्य : काचेच्या नळकांड्यात पातं. बाहेर काढून धुतात. नक्षी उगवते.)

फेरिक क्लोराइड. पोलाद त्यात बुडवलं की 1084 खाल्लं जातं, काळवंडतं; निकेलचे थर तग धरतात आणि चमकत राहतात. आतापर्यंत जे कारागिराला फक्त माहीत होतं, ते आता तुम्हालाही दिसतं.

याला सगळे दमास्कस म्हणतात. नावावर जाऊ नका. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद वेगळं, मुशीत वितळवलेलं. त्याच्या वड्या दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून पश्चिमेकडे जात, आणि त्यातली लहर पोलादाच्या पोटातूनच यायची, थर रचून नव्हे. इथे ऐरणीवर दिसलं ते जोडकामाचं दमास्कस. दोन्ही सुंदर, पण एक नाही. हे टेबलाशी उभं राहून कुणाला सांगू नका, दोन्ही बाजूंचे लोक वाद घालायला टपलेलेच असतात.

(दृश्य : भिंतीवरचा फलक, काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात ऐरणीशी उभा माणूस.)

बिल मोरान. मेरीलँडचा लोहार. अमेरिकेत हातानं चाकू घडवणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बाकीचे तयार पोलाद घासून, कापून चाकू करत. 1973 साली नाइफमेकर्स गिल्ड या चाकू करणाऱ्यांच्या संघटनेच्या प्रदर्शनात मोराननं आपल्या टेबलावर दमास्कसची पाती मांडली. 1976 साली त्यानं काही सहकाऱ्यांबरोबर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी उभी केली. आज पात्यावर नावाबरोबर ‘जे.एस.’ (जर्नीमन स्मिथ) किंवा ‘एम.एस.’ (मास्टर स्मिथ) असा ठसा दिसतो, तो या सोसायटीचा. परीक्षा दिल्याशिवाय तो मिळत नाही.

(दृश्य : टांगलेला दोर. पातं फिरतं. दोराचं टोक जमिनीवर.)

परीक्षा अशी असते. इंचभर जाडीचा मोकळा लोंबता दोर एका घावात तुटला पाहिजे.

(दृश्य : लाकडाची फळी, ढलप्या उडतात.)

मग बांधकामाच्या लाकडाची जाड फळी तोडायची. एकदा नव्हे, दोनदा.

(दृश्य : हाताचे केस तासताना.)

मग त्याच धारेनं हातावरचे केस.

(दृश्य : शेगडा, म्हणजे बाकावरची लोखंडी पकड. पातं त्यात अडकवलेलं. नळी घालून वाकवतात. वाकवतात. वाकवतात.)

आणि मग हे.

(निवेदन थांबतं. पातं काटकोनापर्यंत जातं.)

मोडलं असतं तर नापास. पास झालं तरी पातं गेलंच. महिनाभराचं काम भंगारात टाकून कारागीर हसतो, ते दृश्य तुमच्यासमोर आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

(दृश्य : हॉल. एका टेबलाभोवती गर्दी. डब्यात चिठ्ठ्या.)

परत आत. या टेबलावर एकच चाकू आहे आणि घेणारे तीसचाळीस. म्हणून चिठ्ठी. नाव लिहायचं, डब्यात टाकायचं, ठरलेल्या वेळी हजर राहायचं. ज्याचं नाव निघेल त्याला लिहिलेल्या किमतीला तो घेण्याचा हक्क.

(दृश्य : चिठ्ठी उघडते. एक चेहरा उजळतो, बाकीचे पांगतात.)

तोच चाकू दुपारी दुसऱ्या टेबलावर चढ्या भावानं होता. करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही.

(दृश्य : पिवळट मुठींची रांग.)

हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या या मुठी. आफ्रिकन हत्तीच्या दाताच्या व्यापारावर अमेरिकेनं 2016 साली जवळपास पूर्ण बंदी घातली. तेव्हापासून मॅमथ या नामशेष हत्तीचा दात, हाड आणि कृत्रिम माल वाढला. पुढे चला.

(दृश्य : कोपऱ्यातलं टेबल. पांढऱ्या दाढीचा कारागीर, समोर चारच चाकू.)

हा माझा टेबल नंबर.

चारातला हा सगळ्यात साधा. नक्षी नाही, दगड नाही, चार इंचांचं पातं आणि अक्रोडाची मूठ. मी विचारलं, उचलू का? तो म्हणाला, “त्यासाठीच ठेवलाय.” मी पाठ बघितली, उतार बघितले, दिवा शोधायला लागलो. त्यानं टेबलाखालून स्वतःची टॉर्च काढून दिली. एवढा आत्मविश्वास मी फार कमी टेबलांवर बघितलाय.

(दृश्य : तोच कारागीर, चाकू कागदात गुंडाळताना.)

व्यवहाराचं चित्रण नाही. पैशांचं बोलणं निघालं तेव्हा त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि आम्ही तो बंद केला. गुंडाळताना मात्र त्यानं विचारलं, “कापणार ना यानं काही?”

मी हो म्हणालो. माझ्या कपाटातले बहुतेक चाकू मेण लावून, कापडात गुंडाळून झोपलेत, हे त्याला कळलं असावं. तो म्हणाला, “बोथट झाला की पाठवा. धार मी लावीन. धार लावायला कधी आलाच नाही, तर मला वाईट वाटेल.”

(दृश्य : विमानतळ. चाकूची पेटी मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये.)

म्यानात घालून सामानाच्या बॅगेत. केबिनमध्ये नाही.

(दृश्य : घर. टेबल. कागद उलगडतो. बाजूला सुतळीनं बांधलेलं खोकं.)

खोकं खरंच फोडायचं होतं, दृश्यासाठी आणलेलं नाही. सुतळी एका ओढीत तुटली. पुठ्ठ्याला मात्र आत पोलादी पिना होत्या, त्या मला दिसल्या नाहीत.

(दृश्य : पात्याचा गाल, अगदी जवळून. टोकापासून मुठीकडे जाणारा एक तिरका ओरखडा. निवेदन नाही.)