जुनी डिझायर घ्यायची आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात चार माणसं, गावाहून येताना बॅगांबरोबर तांदळाचं पोतं, आणि हातात बेताचे पैसे. अशा घरात जुनी गाडी घ्यायची ठरली की स्विफ्ट डिझायरचं नाव निघतंच. पण कुठल्या सालची, हे आधी विचारा. २००८ च्या पहिल्या डिझायरची डिकी ४४० लिटरची होती. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कर कमी, म्हणून २०१२ मध्ये तिची लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली आणि डिकी उरली ३१६ लिटरची. २०१७ च्या मॉडेलमध्ये ती ३७८ झाली. त्यात सीएनजीची टाकी असेल, तर पोत्याला जागा नाही. ती टाकी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवलेली आहे का, दर तीन वर्षांच्या चाचणीचा दाखला आहे का, हे बघितल्याशिवाय भावाचं बोलूच नका.

ही गाडी टॅक्सीतही भरपूर चालते. किलोमीटर दाखवणारा मीटर मागे फिरवता येतो, हे तुम्ही ऐकलं असेलच. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर विश्वास रबरावर ठेवा. सर्व्हिसिंगची जुनी बिलं मागा, त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात. पुराच्या भागातली गाडी असेल, तर मॅटिंग उचलून सीटखालच्या पट्ट्यांना गंज चढलाय का पाहा. आणि आपला मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आता कागद. इथे माझा आग्रह आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलानं आधी भरून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही, ते आरटीओत दाखल व्हावे लागतात. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

विकणाऱ्यांनाही सांगतो. गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा नव्या मालकाच्या नावाची आरसी झाली की तिची प्रत मागून घ्या.