बडोद्याहून सार पास: इथे कशाची तयारी होते अन् कशाची होत नाही

(दृश्य: पहाटेचं कमाटीबाग, धावणारी माणसं)

बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम 35-40 मीटरवर आहे, म्हणजे फुटात सव्वाशेच्या आसपास. आणि ही जी मंडळी पहाटे साडेपाचला कमाटीबागेत धापा टाकत धावतायत ना, त्यांना मे महिन्यात 13,800 फुटांवर जायचंय. हिमाचल, कुल्लू जिल्हा, पार्वती खोरं, सार पास, म्हणजे तिथली एक उंच खिंड. ग्रुपमध्ये दांडिया बाजारातले दोघं भाऊ आहेत, एक सीए ताई आहे जिला मार्च संपेपर्यंत श्वास घ्यायलाही फुरसत नसते, कॉलेजची पोरं आहेत, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत ज्यांना बीपीची गोळी चालू आहे अन् उत्साह सगळ्यात जास्त त्यांनाच.

सार पासच का, तर मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि तिथे बर्फ असतो. पास ओलांडला की बर्फाच्या उतारावरून चक्क बसून घसरत खाली यायचं, त्याचे व्हिडिओ बघूनच अर्धे लोक नाव नोंदवतात. वर म्हणतात ट्रेक सोपा आहे, फर्स्ट टायमरला चालतो. आता सोपा म्हणजे काय, तर दोर लावून चढावं लागत नाही, चढाई टेक्निकल नाही, एवढंच. उंची मात्र 13,800 फूटच राहते, ती कुणी सोप्या ट्रेकवाल्यांना कमी करून देत नाही.

(दृश्य: विश्वामित्री नदीवरचा पूल)

सपाट गावात डोंगराची तयारी करायची म्हणजे पहिला प्रश्न, चढ आणायचा कुठून. बडोद्यात उंच म्हणावं असं काय, फ्लायओव्हर आणि अपार्टमेंटचे जिने. पोरं सहा मजले चढतात उतरतात, वॉचमन बघत राहतो. बाकी रनिंग, मग विश्वामित्रीच्या काठाकाठाने कुणी निघालं तर एखादी मगर ऊन खात पडलेली दिसते, बाहेरच्या माणसाला धक्का बसतो, इथल्याला काही वाटत नाही. बऱ्याच ट्रेक कंपन्या आधी विचारतात की 5 किलोमीटर किती वेळात पळता, पस्तीस चाळीस मिनिटांत झालं तर बरं. एप्रिल लागला की सात वाजल्यानंतर पळणं म्हणजे नुसती शिक्षा, त्यामुळे सगळं पहाटेच.

पण खरी शाळा पन्नासेक किलोमीटरवर आहे. पावागढ.

(दृश्य: माची, पायऱ्या, वर जाणारा रोपवे)

गंमत बघा, जी विश्वामित्री गावातून वाहते तिचा उगम या पावागढातच आहे. डोंगराची उंची साधारण 800 मीटर, वर कालिकामाता, खाली चांपानेर, 2004 पासून युनेस्कोच्या यादीत. रविवारी इथे गर्दी एवढी की पायऱ्यांवर ट्रॅफिक जॅम. ग्रुपमधल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी इथे एक नियम केलाय जो पहिल्यांदा सगळ्यांना उलटा वाटला. दमला असाल तर वर जाताना उडनखटोल्यात बसा, काही हरकत नाही, खाली मात्र चालतच यायचं. लोक नेमकं उलट करतात, चढून जातात, दर्शन घेतात आणि आता काय उतरायचंच तर आहे म्हणून रोपवेची लाइन लावतात.

ताईंचं म्हणणं असं की चढताना दम लागतो, छाती भरून येते, पण थांबलं की दोन मिनिटांत माणूस ठीक होतो. उतरताना दम लागत नाही म्हणून कळतच नाही, पण मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पायरीला ब्रेक मारत असतात, ताणले जात असतानाच जोर लावत असतात, आणि दुखतं ते यानेच, तेही दुसऱ्या दिवशी. ट्रेकमध्ये दुसऱ्या दिवशी सुट्टी नसते. सार पासनंतर बिस्केरीचा मुक्काम आणि तिथून खाली, ट्रेक संपतो त्या बरशैणीपर्यंत उतारच उतार आहे, गुडघे रडतात ते तिथे. आधी आठ दहा वेळा पाठीवर वजन घेऊन पायऱ्या उतरलेल्या असल्या तर स्नायूला सवय होते, तेवढं दुखत नाही.

आणि वजन म्हणजे खरंच वजन. पोरं सॅकमध्ये उशा भरून फोटो काढतात. काकांनी पाण्याच्या बाटल्या भरल्या, सात आठ किलो, आणि वर जाऊन पाणी लोकांना वाटून टाकलं, म्हणजे व्यायाम पण झाला, पुण्य पण मिळालं.

(दृश्य: गिरनार, रात्रीच्या पायऱ्या, बॅटऱ्यांची रांग)

गिरनारचं तर वेगळं सांगायला नको. मराठी घरात दत्त म्हटलं की गिरनार आलाच, दहा हजार पायऱ्या म्हणतात. 2020 पासून अंबाजीपर्यंत रोपवे झालाय, पण आपली माणसं अजून मध्यरात्री भवनाथच्या तळेटीपासून काठी घेऊन निघतात. या ग्रुपनी मार्चमध्ये तेच केलं, अर्ध्यांना दर्शन हवं होतं, अर्ध्यांना प्रॅक्टिस, काठी दोघांनाही लागली. अंधारात हेडलॅम्प लावून तासन्तास चालायची सवय, ही गिरनारची देणगी, कारण सार पासच्या दिवशी पण पहाटे अंधारातच निघावं लागतं. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो, शिवाय दुपारनंतर तिकडचं हवामान कधी फिरेल नेम नाही.

आता इथपर्यंत सगळं ठीक. पाय तयार, दम तयार. पण एक गोष्ट बडोद्यात बसून तयार होतच नाही, कितीही पळा.

(दृश्य: मीटिंग, भिंतीवर उंचीचा नकाशा)

वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं असं आपण म्हणतो, तसं नसतं. हवेत ऑक्सिजन इथेही 21 टक्के, सार पासवरही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. त्या उंचीवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के राहतो, त्यामुळे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी आत जातो. शरीर काय करतं, श्वास वाढवतं. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा तोल बिघडतो, मग मेंदू म्हणतो थांब जरा, एवढा श्वास नको. झोपेत तर ही ओढाताण फारच चालते, शेजारच्या स्लीपिंग बॅगमधला माणूस काही सेकंद श्वास घेतच नाही आणि मग एकदम मोठा घेतो, नवा माणूस घाबरून उठून बसतो. उंचीवर हे खूप जणांना होतं. पुढे किडन्या हळूहळू रक्तातला तोल सावरतात, पण त्याला दिवस लागतात. रोज 10 किलोमीटर पळणाऱ्याच्या किडन्या काही फास्ट काम करत नाहीत. म्हणूनच डोंगरात आजारी पडणाऱ्यांत तगडी तरुण पोरं पण असतात, दम आहे म्हणून भराभर वर जातात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

मग करायचं काय, तर प्लॅन बघायचा. पॅकेजचे पैसे नंतर, आधी कुठल्या रात्री किती फुटांवर झोपवतायत ते बघायचं. डॉक्टर लोकांचा साधा नियम आहे, 3,000 मीटरच्या, म्हणजे साधारण दहा हजार फुटांच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर मुक्काम. दिवसा जास्त चढून परत खाली झोपायला आलात तर चालतं.

आता सार पासचे मुक्काम घ्या. कसोल 5,200 च्या आसपास, ग्रहण गाव 7,700, पद्री 9,300, मिन थाच 11,200, नगारू 12,500, मग पास. सगळे आकडे साधारण, प्रत्येक कंपनीचे थोडे इकडे तिकडे. या ग्रुपकडे दोन कोटेशन आले होते, एकात पद्री होतं, एकात नव्हतं. नव्हतं ते स्वस्त, एक दिवस रजा पण वाचत होती, पोरं लगेच तयार. पण पद्री काढलं की ग्रहणवरून थेट मिन थाच, म्हणजे एका रात्रीत साडेतीन हजार फूट. मराठी घरात एक दिवसाची रजा आणि दोन अडीच हजार रुपये हा साधा विषय नसतो, यावर बरीच वादावादी झाली, शेवटी पद्रीवालं घेतलं. माझ्या मते सगळ्या तयारीत हाच निर्णय सगळ्यात मोठा होता, बुटांपेक्षा अन् जॅकेटपेक्षा मोठा.

(दृश्य: फोनवर बोलणारी ताई, समोर वही)

सीए ताईंनी मग कंपनीला फोन लावला, ऑडिट करतात तसाच. गाइडनी कोर्स कुठून केलाय, गिर्यारोहण शिकवणारी उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट आहे, मनालीची संस्था आहे, तिथला बेसिक की अ‍ॅडव्हान्स. किती जणांमागे एक गाइड. ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक कॅम्पवर की फक्त बेसला. कुणाला रात्री खाली न्यायची वेळ आली तर कोण नेणार, कसं नेणार. हवा बिघडली तर परत फिरायचं हे ठरवणार कोण. समोरचा माणूस आधी गोड बोलला, मग जरा वैतागला, पण उत्तरं दिली. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जून 2024 मध्ये उत्तरकाशीच्या सहस्त्रताल ट्रेकवर गाइड धरून 22 जणांचा, बहुतेक कर्नाटकातला, ग्रुप खराब हवेत अडकला आणि 9 जण गेले. त्यामुळे हवा फिरली तर ग्रुपनी गाइडला अजून थोडं थोडं करत पुढे रेटायचं नाही, हे इथे बडोद्यातच ठरवून टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून सगळ्यांकडून अंगठे घेतले.

काकांचं मेडिकल सर्टिफिकेट हा वेगळाच एपिसोड. त्यांना वाटलं ओळखीचे डॉक्टर आहेत, सही मारून देतील. डॉक्टरांनी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, सगळं करायला लावलं, बीपीची गोळी बदलली, महिनाभर रीडिंग मागितले आणि मग सही दिली. काका चिडले होते, काकू खूश.

डायमॉक्सचा प्रश्न प्रत्येक मीटिंगला निघतो, घ्यायची की नाही. ही गोळी किडन्यांचं तेच काम जरा लवकर करायला लावते, श्वास वाढतो, सवय लवकर होते. नेहमी सांगितला जाणारा डोस 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, आणि कुणाच्या मामेभावानी घेतली म्हणून आपण घ्यायची नाही. झोपेची गोळी वर नको, दारू पण नको, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. हे मुद्दाम सांगतोय कारण गुजरातेतून निघालेल्या काही मंडळींना कसोलला पोचल्या पोचल्या स्वातंत्र्य मिळाल्यासारखं होतं.

(दृश्य: पसरलेलं सामान, मध्ये थेपल्यांचा डबा)

सामानाबद्दल फार बोलत नाही, लिस्ट कंपनी देतेच. फक्त बूट. निदान दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी जाऊन घ्या कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, जाड मोजे घालून बघा, आणि पुढे अंगठ्याला जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. जीन्स घरी ठेवा, ओली झाली की वाळत नाही. काळा चष्मा हवाच, बर्फावरच्या उन्हानी डोळे अक्षरशः भाजतात. थेपले, सुखडी, शेंगदाण्याची चिक्की, आई लोकांनी एवढं दिलंय की पद्रीपर्यंत एक खेचर फक्त थेपल्यांना लागेल.

आणि आता जे सगळ्यात अवघड आहे ते. डोकं दुखतंय हे सांगणं.

उंची लागली की सुरुवात डोकेदुखीने होते, सोबत मळमळ, जेवण नको वाटणं, चक्कर. एवढ्यावर थांबलं, त्याच उंचीवर आराम केला, तर बहुतेकांचं एक दोन दिवसांत ओसरतं. लपवलं आणि वर गेलात तर प्रकरण वाढू शकतं. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, तर फुप्फुसात पाणी होत असू शकतं. सरळ रेषेत टाच-बोट टाच-बोट चालता येत नाही, माणूस काहीतरी असंबद्ध बोलतोय, तर मेंदूला सूज. दोन्हींना इलाज एकच आधी, खाली उतरवा, रात्र असली तरी. ऑक्सिमीटर आहेच, कोविडात घरोघरी आलेलं, पण आकडा 85 दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही आणि 92 दिसला म्हणून डोकेदुखी खोटी ठरवायची नाही, माणूस कसा आहे ते बघायचं.

पण आपल्याकडे सांगत कोण. पोरांना वाटतं चिडवतील, काकांना वाटतं परत पाठवतील, आणि सीए ताई म्हणते माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. म्हणून जोड्या केल्यात, रोज संध्याकाळी जोडीदारानी विचारायचं, डोकं कसं आहे, जेवलास का, आणि उत्तर गाइडला त्यानीच सांगायचं, म्हणजे तक्रार करायची लाज उरत नाही. काकांचा जोडीदार कॉलेजमधला सगळ्यात बडबड्या मुलगा ठेवलाय, मुद्दाम.

(दृश्य: बडोदा स्टेशन, सॅक घेतलेले लोक)

पश्चिम एक्सप्रेसनी अंबाला, तिथून बसनी भुंतर, मग कसोल. ग्रहणच्या पुढे फोन लागेल अशी आशा कुणी ठेवू नये, त्यामुळे घरी तारीख लिहून दिलीय, बरशैणीला पोचल्यावर फोन येईल, त्याच्या आधी आला नाही तर काळजी नको, आणि त्यानंतर एक दिवस उलटला तर कंपनीच्या या नंबरवर करा. काकूंनी तो कागद फ्रिजवर लावलाय. तरी स्टेशनवर त्या जोडीदार मुलाला बाजूला घेऊन सांगतच होत्या, हे खरं सांगणार नाहीत हं, तू बघ जेवतायत का.