केरळ पासिंगची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

विटा-खानापूर भागात जत्रेच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला जरा उभं राहा. केरळ पासिंगची गाडी, तमिळनाडूची, मधूनच एखादी बंगालची. उतरणारी माणसं मात्र आपलीच, गलाईवाली. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं हे काम. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा धुऊन त्यातला कण काढतात. दुष्काळानं घराबाहेर काढलेली ही माणसं देशभर पांगली.

माझे चुलते त्रिशूरला असतात. सुरुवातीला त्यांना खोलीच मिळेना. भट्टीशेजारी पोतं अंथरून झोपायचे. घरमालकांचं म्हणणं, भाषा कळत नाही, गाव माहीत नाही, त्यात ॲसिडचा धूर! धुराचं खोटं नव्हतं, हे चुलतेही कबूल करतात. आता नातवंडं आपसांत मल्याळममध्ये भांडतात आणि अंगाशी आलं की मराठीत आजोबांकडे धाव घेतात.

हे आठवलं त्याला कारण आहे. तासगावकडे आमच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर बिहारची पोरं कामाला येतात. गेल्या हंगामात चौघांसाठी गावात खोली बघत होतो. एका घरी रिकामी होती, दारात नळ. मालक म्हणाले, "बाहेरची माणसं नकोत बाबा. काय भरवसा?" त्यांचा थोरला कोइमतूरला गलाईतच आहे. मी काही बोललो नाही, चहा घेऊन उठलो.

बागेतल्या बायकांचा राग वेगळा. "टोळी उक्तं घेते, आमचा रोज बुडतो." हा हिशेब खरा आहे. पण उक्तं, म्हणजे ठरलेल्या रकमेला अख्खं काम, देणारा मी, तेव्हा जाब मला विचारायचा, पोरांना नव्हे. त्यांनी तो विचारलाही, भर बांधावर.

जाता जाता मिरजेचं सांगतो. गायक अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या किराणा गावचे. 1937 साली मद्रासजवळ एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी देह ठेवला, आणि दफन झालं ते मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात. त्यांना 'बाहेरचे' म्हणणारा मिरजकर मला अजून भेटायचाय.

ती पोरं शेवटी माझ्या बेदाण्याच्या शेडमध्येच राहिली. जत्रेला आलेले चुलते सहज तिकडे गेले, पोरांशी हिंदीत बोलले, स्वयंपाकाचं विचारलं. अंधार पडला होता. बाहेर येऊन त्यांनी पत्र्याला हात लावून बघितला.

"निवला नाही रे अजून," ते मला म्हणाले. "उद्या वर पाचट टाक."