फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

अध्यक्ष, मंडळाचे सगळे काका-काकू आणि यंदा नव्याने इटलीत शिकायला आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

समितीने मला विषय दिला, 'शनिवार-रविवारात फ्लॉरेन्स'. मी बोलोन्याला शिकते. तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत येतं, त्यामुळे भारतातून कोणी आलं की त्यांना तिकडे न्यायचं काम आपोआप माझ्याकडे येतं.

नव्यांसाठी कामाच्या गोष्टी आधी सांगून टाकते. पैसे वाचवायला रीजनल गाडी घेतलीत तर कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्राचा शिक्का घ्या, नाहीतर दंड ठरलेला. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, त्यात उफ्फिझीही आली. पण त्या दिवशीची रांग पाहिली की पंढरपूरची दर्शनबारी बरी वाटते. पंचविशीपर्यंतच्यांना दोन युरोत प्रवेश ही पाटी वाचून खूश होऊ नका. ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, आपल्या विद्यार्थी परवान्यावर मिळत नाही. पाव अळणीच असतो. मीठ घालायला कोणी विसरलेलं नसतं, तिथली पद्धतच ती. शाकाहारी मंडळींनी शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी शिजवून केलेलं रिबोल्लिता मागवावं, फक्त रस्सा मांसाचा नाही ना हे विचारून घ्यावं. आणि गाड्यावर लाम्प्रेदोत्तो दिसलं तर ते गायीच्या पोटाचं असतं हे माहीत असू द्या, मग खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

शनिवार मी फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या, म्हणजे कॅथेड्रलच्या घुमटाला देते. मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, त्यामुळे इथे थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या. आतून सुमारे 45 मीटर रुंद अशी मोकळी जागा, तीही गोल नव्हे, अष्टकोनी. चर्च उभं राहिलं, पण वरचं भोक झाकायचं कसं हे ठरेना. एवढ्या उंचीवर खालून लाकडी आधार द्यायला तितकं लाकूड आणायचं कुठून? 1418 मध्ये स्पर्धा लावली आणि सोनारकाम शिकलेला ब्रुनेलेस्की म्हणाला, आधाराशिवाय बांधतो. 1420 ते 1436 या काळात त्याने एकात एक दोन घुमट चढवले. विटा मध्येमध्ये उभ्या लावून तिरप्या, नागमोडी रांगांत गुंफल्या. त्यामुळे वरचा थर कलता असला तरी चुना सुकेपर्यंत विटा घसरत नाहीत. आज 463 पायऱ्या चढताना वाट याच दोन घुमटांच्या मधून जाते आणि त्या विटा हाताच्या अंतरावर दिसतात. मी कोल्हापूरची. आमच्याकडे शाळेची सहल विजापूरला जाते, त्यामुळे मोठा घुमट म्हणजे गोल घुमट हे डोक्यात पक्कं बसलेलं. तो 1656 चा. हा त्याच्या दोनशे वर्षांहून अधिक आधीचा आणि रुंदीला त्याच्यापेक्षा मोठा. सहलीत हे कोणी सांगितलं नव्हतं. तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही.

गोव्याच्या मंडळींसाठी एक गोष्ट. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या रंगीत दगडी चौथऱ्यावर ठेवली आहे, तो फ्लॉरेन्समध्ये घडला. तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो मेदिची यांनी तो पाठवला, घडवणारा शिल्पकार फोज्जिनी, आणि 1698 मध्ये तो गोव्यात उभा राहिला. संताच्या डोक्याखालची उशी मिळाली म्हणून ड्यूकने ही भेट दिली, असं सांगतात. रंगीत दगड कापून जोडण्याची ही कारागिरी फ्लॉरेन्सच्या ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे या संग्रहालयात बघायला मिळते. मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा बघायला लागणाऱ्या रांगेपासून ते जवळच आहे, आणि मी गेले तेव्हा आत जवळजवळ कोणी नव्हतं.

आता रविवार. सगळे जुन्या पुलाकडे जातात. तुम्ही नदीच्या काठाने उलट दिशेला, पश्चिमेला चाला. काशिने नावाचं लांबच लांब उद्यान लागतं. धावणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे, पर्यटक नाहीत. उद्यानाच्या अगदी शेवटी मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमाजवळ खांबांवर उभी नक्षीदार छत्री आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या, दागिने घातलेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

विलायतेला गेलेल्या पहिल्या काही हिंदू संस्थानिकांपैकी ते एक. इंग्लंडहून परतताना आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय विशीचं. या सभागृहातल्या अर्ध्या पोरांचं वय तेच आहे. बरोबरच्या माणसांना धर्माप्रमाणे दहन करायचं होतं, तेही संगमावर. दहन ही गोष्टच त्या गावाला परकी. पण फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, सरकार तिथेच होतं, आणि खास परवानगी मिळाली. प्रयाग चिखलीचा संगम आणि पंचगंगेचा घाट बघत वाढलेल्या माणसाला तिथे उभं राहिल्यावर जागा कशी निवडली असेल ते सांगावं लागत नाही.

स्मारक 1874 चं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला, तेच हे मँट. महाराजांची प्रवासाची रोजनिशी 1872 मध्ये लंडनला छापली गेली, पण ती बरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केलेली. विशीतल्या राजाला खरोखर काय वाटलं आणि साहेबाने त्यातलं काय ठेवलं, ही शंका मला वाचताना सोडत नाही. गादीला मुलगा नव्हता. दत्तक घेतलेले चौथे शिवाजीही 1883 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते राजर्षी शाहू महाराज. आम्हा कोल्हापूरकरांना शाहू महाराजांचं सगळं पाठ असतं, त्याआधीच्या या राजाचं नावही पटकन आठवत नाही. फ्लॉरेन्सवाल्यांनी तर नाव सोडूनच दिलं. 1978 मध्ये शेजारी मोठा पूल झाला, त्याला म्हणतात 'त्या भारतीयाचा पूल'. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

काही जण तिथे जाऊन 'आपलेच पूर्वज, परदेशातले पहिले विद्यार्थी' वगैरे लिहितात. मला ते पटत नाही. ते राजे होते, लवाजम्यासह फिरत होते, आपण पाठीवर पिशवी घेऊन स्वस्त गाडी शोधतो. त्यांना आपल्यासारखं करायची गरज नाही. आपल्या गावचा एक तरुण मुलगा घरापासून इतक्या लांब गेला, एवढं पुरे आहे तिथे जायला.

समितीशी बोलणं झालंय, 30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी आपण जाणार आहोत. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनसमोर जमायचं, ट्रामने काशिनेपर्यंत आणि पुढे पायी. चालायचे बूट घाला, त्या दिवसांत पाऊस असतो. त्या टोकाला खायला काही मिळेल याची खात्री नाही, तेव्हा काकू, फराळातल्या चकल्या आजच संपवू नका. नावं दाराशी ठेवलेल्या वहीत लिहा.