जुनं घर घेताना दुरुस्तीचंही कर्ज

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या इंदिरानगर, सिडको, सातपूर, नाशिकरोड या भागांत पंचवीस-तीस वर्षांचे फ्लॅट आणि रो-हाउस विक्रीला असतात. जागा मोक्याची, शेजार मुरलेला आणि भाव नव्या इमारतीपेक्षा परवडणारा. पण आत पाऊल टाकलं की बाथरूमच्या स्लॅबला ओल, पाइप गंजलेले, वायरिंग जुनं, गच्ची पाझरणारी. घेणारा काय करतो? घरासाठी गृहकर्ज काढतो आणि दुरुस्तीचं नंतर बघू म्हणतो.

बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. हे ‘नंतर बघू’ म्हणणारे लोक काही महिन्यांनी पुन्हा समोर येऊन बसायचे. हातची शिल्लक मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या किमतीतल्या स्वतःच्या वाट्यात, आणि मुद्रांक शुल्कात गेलेली, घर राहण्याजोगं झालेलं नाही, म्हणून आता पर्सनल लोन पाहिजे. म्हणून आधीच सांगतो, खरेदी आणि दुरुस्ती यांचं कर्ज एकाच वेळी मागा. अनेक बँका आणि गृहवित्त कंपन्या तसं देतात. कुठे एकाच खात्यात बसवतात, कुठे दोन खाती उघडतात. तारण मात्र तेच घर.

हिशेबासाठी दुरुस्ती 5 लाखांची धरू. पर्सनल लोन 13 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 11,400 रुपये. तेच पैसे गृहकर्जाच्या दराने, समजा साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता 4,350च्या आत येतो. ऐकायला गोड वाटतं, पण पुढचं ऐका. पर्सनल लोनचं एकूण व्याज सुमारे 1 लाख 83 हजार, आणि 20 वर्षांच्या स्वस्त कर्जाचं व्याज 5 लाख 40 हजारांच्या घरात! दर कमी असूनही मुदत लांबली की व्याज वाढतं. हेच 5 लाख साडेआठ टक्क्यांनी 5 वर्षांत फेडले तर व्याज जेमतेम सव्वा लाखाच्या आत राहतं. तेव्हा दुरुस्तीच्या कर्जाची मुदत वेगळी आणि छोटी मागून घ्या. ती मिळत नसेल, तर बोनस आला की मुद्दल भरा. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल, तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

आता बँक किती देते ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांना 80 टक्के आणि त्यावर 75 टक्के. ही वरची मर्यादा झाली. जुन्या घराला बँक हात आखडता घेऊ शकते. घर 10 लाखांच्या आतलं नसेल, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो खिशातूनच जातो. घर पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घ्यायचं ठरलं, तर महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, तिची चौकशी जरूर करा.

अमेरिकेत ‘203(के)’ नावाची सरकारी हमीची योजना आहे. तिच्यात घर दुरुस्त झाल्यावर त्याची किंमत काय होईल, हे धरूनही कर्जाची रक्कम काढता येते. आपल्याकडे बँकेचा व्हॅल्युअर येतो तो आज उभ्या असलेल्या घराची किंमत लिहितो, आणि दुरुस्तीचा विचार तिच्या एस्टिमेटवरून वेगळा होतो. म्हणून ते एस्टिमेट महत्त्वाचं. गवंड्याने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलेला आकडा चालत नाही. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून कामवार मोजमापांसह लेखी घ्या, आणि बयाणा देण्याआधी घ्या. आकडा हातात असला की मूळ मालकाशी भावही त्याच जोरावर करता येतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, फरशी हे बँक धरते. सोफा, पलंग, एसी अशा हलवता येणाऱ्या वस्तू साधारणपणे धरत नाही.

एक अडचण नाशिकच काय, सगळीकडेच आहे. ‘थोडे चेकने, थोडे रोख’. बँक कर्ज देते ते नोंदवलेल्या करारातल्या रकमेवर. 35 लाखांचं घर कागदावर 28चं दाखवलं, तर वरचे 7 लाख तुमच्या शिलकीतून जाणार. दुरुस्तीचे पैसे तिथेच संपतात. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो. दलाल हे सांगत नाही.

कागदपत्रांत मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला आधी मागा. सिडकोच्या मूळ घरांवर कित्येकांनी मजले चढवलेत, पुढे खोल्या काढल्यात. नकाशात नसलेलं बांधकाम बँक किमतीत धरत नाही आणि त्याच्या दुरुस्तीला पैसेही देत नाही. जागा भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतरणाची परवानगी लागते. इमारतीला 30 वर्षं होऊन गेली असतील, तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल तपासणीचा दाखला लागतो. सोसायटीकडे तो आहे का ते विचारा. फरशी, रंग, गिलावा यांना परवानगी लागत नाही. खांब किंवा तुळईला हात लावणार असाल, तर लागते.

जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला वाडा घ्यायचा असेल, तर आधी वारस मोजा. प्रॉपर्टी कार्डावर चार भावांची नावं, त्यातला एक परदेशी, आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू, अशा जागेला बँक सहसा कर्ज देत नाही. गोदाकाठी असेल तर पूररेषाही पाहा. नकाशातल्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. 2008च्या सप्टेंबरात पाणी कुठवर आलं होतं, हे त्या भागातली माणसं अजून भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

दुरुस्तीचे पैसे एकरकमी मिळत नाहीत. काम पुढे सरकलं की बँकेचा माणूस पाहून जातो, मग पुढचा हप्ता सुटतो. म्हणून कंत्राटदाराला सुरुवातीला द्यायला थोडी रक्कम जवळ ठेवा. काम चालू असताना सध्या राहता त्या घराचं भाडं आणि नव्या कर्जाचं व्याज, दोन्ही भरावं लागतं. हे चार-पाच महिन्यांचं धरून ठेवा आणि गच्चीचं काम जूनच्या आत उरका. 2027च्या सिंहस्थाची कामं शहरात सुरू असताना गवंडी आणि प्लंबर वेळेवर मिळणं अवघड आहे, म्हणून दर लेखी ठरवा.

आता थोडं आयकराविषयी. स्वतः राहायच्या घरावर व्याजाची 2 लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. त्यातही दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजाला मर्यादा फक्त 30 हजारांची, आणि ती त्या 2 लाखांच्या आतच. दुरुस्तीच्या कर्जाच्या मुद्दलाला वजावटच नाही. त्यामुळे दोन्ही रकमांच्या व्याजाचे दाखले बँकेकडून वेगवेगळे मागून घ्या. जुन्या प्रणालीत रिटर्न भरणाऱ्यांना ते लागतील. नमस्कार.