रशियन येतं का तुम्हाला?

श्रोतेहो, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. सांभाळते म्हणजे खिडकीशी बसते, परत आलेल्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवरची तारीख बघते, दंड सांगते आणि तो वसूल होत नाही म्हणून हळहळते. या खिडकीतून माणसं बरी कळतात. कोण काय नेतं हे दिसतंच, पण कोण काय लपवून नेतं हेही दिसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांची पुस्तकं आमच्याकडं एका जाड वैचारिक ग्रंथाच्या खाली दडून घरी जायची. तो वरचा ग्रंथ कोरा करकरीत परत यायचा, खालच्याची मात्र शिवण उसवलेली असायची.

आज बोलायचंय ते दुसऱ्या एका तोऱ्याबद्दल, ‘मी अनुवाद वाचत नाही’ या.

आमच्या एक काकू आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. आल्या की विचारतात, “बंगाली काही आहे का गं?” काकूंना बंगालीचं अक्षर येत नाही. त्यांचं बंगाली म्हणजे शरच्चंद्र, तेही मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले. तसंच त्यांचं कानडी म्हणजे भैरप्पा. “सध्या कानडी वाचतेय,” असं त्या शेजारणीला अगदी सरळ सांगतात. त्यात खोटं सांगतोय असं त्यांच्या मनातही येत नाही.

एकदा त्या भैरप्पांची ‘पर्व’ कादंबरी मराठीतून घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. मागं एक निवृत्त साहेब होते. त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं आणि म्हणाले, “मी ट्रान्सलेशन्स वाचत नाही. वाचायचं तर ओरिजिनल.”

मी विचारलं, “सध्या काय चाललंय?”

“डोस्टोव्हस्की.”

“रशियन येतं का तुम्हाला?”

“छे हो. इंग्लिशमधून.”

हे ते इतक्या सहज म्हणाले, की क्षणभर मलाच वाटलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये इंग्रजीच बोलत असतील. साहेबांना दोष तरी कसा द्यावा? आपल्याकडं हे सर्रास चालतं. फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, काहीही असो, इंग्रजीत आलं की ते ‘मूळ’ होतं. मराठीत आलं की ‘अनुवादित’. यात वाङ्मयाचा प्रश्न कमी आणि कॉन्व्हेंटचा जास्त, असं माझं मत आहे. 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर बानू मुश्ताक यांच्या कानडी कथांना मिळाला, तेव्हा साहेबांनी ते पुस्तकही इंग्रजीतून मागवलं. आमच्या बाजारात भाजीवाल्या कानडीत भांडतात, तरी कानडी कथा साहेबांकडं लंडनवरून आली! त्या पारितोषिकाची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. 50 हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. बानूताईंइतकाच वाटा दीपा भास्ती यांना मिळाला. आमच्या कपाटात अशी पुस्तकं आहेत, ज्यांत अनुवादकाचं नाव शोधायला भिंग लागतं.

साहेबांच्या हातातला डोस्टोव्हस्की बहुधा कॉन्स्टन्स गार्नेट यांचा असावा. या इंग्रज बाईंनी रशियनमधली सत्तरच्या आसपास पुस्तकं इंग्रजीत नेली. साहेब वाचत होते त्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा त्यांचा अनुवाद 1914 चा. इंग्रज कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सनं त्यांना बागेत बसून काम करताना पाहिलं होतं. पान लिहून झालं की मान वर न करता ते खाली टाकायचं आणि पुढचं घ्यायचं. कागदांचा ढीग गुडघ्यापर्यंत यायचा. उरक दांडगा, त्यामुळं अवघड जागा कधी कधी गाळल्या जायच्या, अशी तक्रार पुढं झाली. तक्रार खरीच आहे. पण अर्नेस्ट हेमिंग्वेला ‘वॉर अँड पीस’ पुरं करता आलं ते गार्नेटबाईंमुळंच, हे त्यानंच लिहून ठेवलंय. म्हणजे साहेबांचा आदर्श इंग्रजी लेखकसुद्धा काकूंसारखाच, अनुवाद वाचणारा.

त्याच हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधला तो म्हातारा कोळी, चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला. पु. ल. देशपांड्यांनी ते पुस्तक मराठीत आणलं आणि नाव दिलं ‘एका कोळियाने’. जुन्या पाठ्यपुस्तकातली कविता आठवा: ‘एका कोळियाने एकदा आपुले, जाळे बांधियेले उंच जागी’. त्यातला कोळी आठ पायांचा, पडला तरी पुन्हा चढणारा. आता मासे धरणारा कोळी आणि जाळं विणणारा कोळी एकाच शब्दात बसतात ते मराठीत. इंग्रजीतल्या म्हाताऱ्याला ही सोय नव्हती. पुलंनी एक अक्षर न समजावता शाळेतला सगळा वर्ग त्या होडीत नेऊन बसवला. हे ‘मुळात’ नाही, म्हणून कमी धरायचं का? मी तरी धरत नाही.

वाईट अनुवाद नसतात असं मी मुळीच म्हणत नाही. गठ्ठ्यानं येतात. एकात नायक रागावून ‘टाचेवर वळला’. टाचेवर वळणारा माणूस मला मराठीत अजून भेटायचाय. असं पुस्तक मी स्वतःच सभासदाला ‘नका नेऊ’ म्हणते. पण वाईट मूळ पुस्तकंही आमच्याकडं कपाटभर आहेत, आणि त्यांच्यामुळं कुणी ‘मी मूळ वाचत नाही’ म्हणाल्याचं आठवत नाही.

साहेब गेल्यावर काकू जरा हिरमुसल्या होत्या. मोतीबिंदूनंतर त्यांना फार वेळ वाचवत नाही. संध्याकाळी नात मोठ्यानं वाचते आणि त्या शेंगा सोलत ऐकतात. आधीच अनुवाद, त्यात दुसऱ्याच्या तोंडून. “आपलं काही खरं वाचन नव्हे बाई,” म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना उमा कुलकर्णींची गोष्ट सांगितली. ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मराठीत आणणाऱ्या त्याच. ‘वंशवृक्ष’साठी त्यांना साहित्य अकादमीचा 1989 चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांना कानडी ऐकून समजायचं, लिपी वाचता यायची नाही. त्यांचे पती विरूपाक्ष कानडी कादंबरी मोठ्यानं वाचून टेपवर भरून ठेवायचे. उमाताई त्या कॅसेट ऐकायच्या, थांबवायच्या, पुन्हा ऐकायच्या आणि मराठीत लिहायच्या.

काकूंनी ‘पर्व’ उलटंपालटं करून पाहिलं.

“म्हणजे तिनंही ऐकलंच की.”

“ऐकलंच.”

“मग या खेपेला दोन पुस्तकं दे. पोरीला सुट्टी लागलीय.”

नियमानं एका वर्गणीवर एकच पुस्तक मिळतं. मी दोन दिली. नमस्कार.