सेल्फ खोलायच्या आधी मीटर लावा

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, बाहेर पाऊस, आणि ही गाडी सकाळी ढकलतच गॅरेजमध्ये आलीय. चावी फिरवल्यावर आवाज ऐका... घुर्रर्र... घुर्र... बस. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरतोय पण जीवच नाही त्यात.

असं झालं की दहातले नऊ जण सांगणार बॅटरी गेली नाहीतर सेल्फ गेला, आणि लगेच पाना घेऊन गाडीखाली. हे काका इतकी वर्षं गाड्यांचं वायरिंग करतायत, त्यांचा हात आधी व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरकडे जातो, आणि आम्हाला हेच दाखवायचं होतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलाय म्हणजे टेस्ट चालू असताना इंजिन मध्येच स्टार्ट होणार नाही. आता मीटर बघा. बॅटरी नुसती असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. पण खरी परीक्षा लोडवर, पोराला सेल्फ मारायला सांगितलं, 11.6. ही 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यायचा, इथं ती ठणठणीत आहे. आता तेच सेल्फवर मोजलं, मोठ्या टर्मिनलवर लाल पिन, सेल्फच्या बॉडीवर काळी, आणि आले फक्त 8.2!

म्हणजे 3.4 व्होल्ट वाटेतच गेले. कुठं गेले?

पॉझिटिव्ह केबलच्या दोन टोकांना पिना लावून पुन्हा सेल्फ, 0.2, ठीक आहे. मग एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही बरं का, शिशाच्या खांबावरच, कारण क्लॅम्प आणि खांबाच्या मध्येपण गंज असू शकतो, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ. 3.2! चोर अर्थिंगमध्ये आहे, म्हणजे इंजिन-बॉडीवरून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो त्या वाटेत.

आणि तो इथं बघा, जवळून. बॉडीवरून गिअरबॉक्सवर येणारी ही विणलेली अर्थ पट्टी, बोल्ट काढल्यावर खाली निघाली हिरवी-पांढरी भुकटी. गंमत म्हणजे हीच पट्टी कंटिन्युइटीवर, म्हणजे वाट जोडलेली आहे की तुटलेली एवढंच सांगणाऱ्या सेटिंगवर, तपासली तर मीटर मस्त बीप करतो, कारण तेव्हा करंट नखभर असतो. सेल्फ ओढतो शंभर अँपिअरच्या आसपास, तेवढ्या करंटला 0.03 ओहमसुद्धा 3 व्होल्ट खातो. म्हणून हे मोजायचं ते सेल्फ चालू असतानाच.

पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, नवीन वॉशर, बोल्ट कचकून आवळला, वरून ग्रीस. परत मोजलं तर 0.1. फ्यूज जागेवर, चावी... ऐका.

मालकांनी गेल्याच महिन्यात दुसरीकडे नवी बॅटरी टाकून घेतली होती, जुनी एक्स्चेंजमध्ये गेली. ती चांगली होती की नाही, कुणी मोजलंच नव्हतं.